तीनदा उकळलेलं पाणी

कंपौंडर म्हणजे दवाखान्यातला असा माणूस, की ज्याला औषध माहीत असलं तर चालतं, पण रोग माहीत असला तर तो त्याचा आगाऊपणा समजला जातो. हा आगाऊपणा मी उभी हयात केला. आमच्या दवाखान्यात औषध माझं आणि सही डॉक्टरसाहेबांची, अशी वाटणी होती. रोगी बरा झाला की सहीचं नाव होई, आणि नाही झाला की औषधाचं.

संपादकांनी पत्र पाठवून कळवलं, की नोकरीतले काही रंजक प्रसंग लिहा, मात्र फार रोगट नकोत, अंक दिवाळीचा आहे. मी त्यांना उलट लिहिलं, की दवाखान्यात रंजक आणि रोगट एकाच बाकावर बसलेले असतात, त्यातला एक उठवून दुसऱ्याला ठेवता येत नाही. त्यावर उत्तर आलं नाही. ती संमतीच समजून लिहायला बसलो आहे.

दवाखाना इंदापूर तालुक्यातल्या एका गावात होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाची माणसं आता वर्तमानपत्रं वाचतात. एका अंगाला कालव्याचा फाटा, दुसऱ्या अंगाला चार-पाच मैलांवर नीरा नदी, मध्ये ज्वारी, थोडा ऊस आणि पुष्कळ मेंढरं. औषधांच्या पेट्या रेल्वेने बारामतीला उतरायच्या, तिथून मोटारीने आणि शेवटी बैलगाडीने आमच्यापर्यंत यायच्या. पेटी उघडली की आधी गवत, मग काचा आणि मग नशिबात असेल ते औषध निघे. साल म्हणाल तर एकोणीसशे तीसच्या पुढचं. गावोगाव दारूबंदीच्या सभा भरायला लागल्या होत्या, एवढी खूण पुरे.

लोकांना लाल औषध आवडायचं. पांढरं दिलं तर ते आपल्याला फसवलं असं समजत. पोटदुखीवर मी पांढरं दिलं म्हणून एक म्हातारी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी त्याच औषधात मी लाल रंगाचे चार थेंब टाकले आणि तिचं पोट दुखायचं त्याच दिवशी थांबलं. एक मेंढका बायकोच्या खोकल्यावर औषध घेऊन जाई आणि त्यातलं निम्मं मेंढ्यांना पाजी. मी रागावलो तर म्हणाला, "मेंढ्या बऱ्या झाल्या, सायेब. बायकूला जरा जास्त द्या." अशा गिऱ्हाइकांपुढे विद्या शिकलेला माणूस फार दिवस ताठ राहू शकत नाही.

पण मी राहिलो. माझा ताठा होता पाण्याचा.

त्याआधी पाटलांची गोष्ट सांगायला हवी. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, हंगाम आला की आम्ही गावाला लस टोचायचो. गावाने भिऊ नये म्हणून पहिली सुई तात्या पाटलांना. तात्यांनी विचारलं, "ह्यात हाय तरी काय?" मी ऐटीत सांगितलं, "तात्या, पटकीचे जंतू आहेत, पण मेलेले. मेलेला जंतू काय करणार?" तात्यांनी दंड पुढे केला. संध्याकाळपर्यंत तो दंड मांडीएवढा झाला आणि तात्या तापाने फणफणले. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. घोंगडीतून तात्या म्हणाले, "कंपौंडर, मेलेलं जंतू माणसाला एवढं तापवत्यात, तर मेल्यालं म्हणायचं कशापायी?"

मी हसलो. लसीने थोडा ताप यायचाच असं बजावून बाहेर आलो आणि ही तात्यांची गंमत चार ठिकाणी सांगितली. वाचकांनी तात्यांचा प्रश्न लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

आता पाणी. पटकी माणसाला मारते ती त्याचं पाणी काढून घेऊन. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी चिपाड होतो. डोळे खोल जातात, आवाज बसतो, नाडी हाताला लागत नाही. तोंडाने पाजलेलं टिकत नाही, म्हणून शीर उघडून तिच्यात मिठाचं पाणी सोडायचं, हा त्याच्यावरचा खरा इलाज. काचेची उभी बाटली, तिला रबरी नळी, नळीच्या टोकाला सुई. शीर शोधायची डॉक्टरसाहेबांनी, पाणी तयार करायचं मी. दोन बाटल्या गेल्या की मेल्यात जमा झालेला माणूस डोळे उघडून आपली चप्पल कुठे आहे असं विचारी. मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत, पण चमत्कार पाहिला तो त्या बाटलीखाली.

हे पाणी निर्जंतुक हवं, आणि त्याबाबतीत मी कडक होतो. सरपण आठवड्यातून एकदाच, बाजाराच्या दिवशी येई. त्या दिवशी मी आठवड्याचं पाणी एकदम उकळून कल्हई केलेल्या मोठ्या हंड्यात भरी आणि वर स्वच्छ फडकं बांधी. रोगी आला की लागेल तेवढं काढून पुन्हा उकळी. मीठ घातल्यावर आणखी एकदा. जंतूला तीन वेळा मारणारा कंपौंडर आख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नव्हता, असं मी स्वतःच सांगत फिरे. दुसरं कोणी सांगत नव्हतं हेही खरं.

खरं तर वाफेचं पाणी धरायचं एक यंत्र वरून आलं होतं. तांब्याचं भांडं, वर वेटोळ्याची नळी आणि खाली गार पाण्याची बादली. ते गाडीतून उतरताना साऱ्या गावाने पाहिलं आणि अर्ध्या तासात बातमी पसरली, की सरकारी दवाखान्यात भट्टी आली. दोघेतिघे बाटल्या घेऊनही आले. डॉक्टरसाहेब दारूबंदीच्या सभेत पहिल्या रांगेत बसणारे. त्यांना घाम फुटला. त्यांनी यंत्रावर गोणपाट घातलं, ते कोठीच्या खोलीत ढकललं, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मला म्हणाले, "तुमचं तीनदा उकळलेलं आहे ना? मग पुरे." मलाही ते पटलं, कारण त्यात माझी स्तुती होती.

त्या उन्हाळ्यात फाट्याचं पाणी आटून डबकी झाली आणि पटकी आली. आमची बाटली फिरायला लागली. माणसं उठून बसायला लागली. आणि उठून बसल्यावर पाऊण तासाने कापायला लागली.

साधी थंडी नव्हे. दात वाजायचे, खाट जमिनीवरून सरकायची, भर उन्हात चार घोंगड्या कमी पडायच्या, आणि मग ताप चढायचा. बहुतेकांचा तो उतरे. डॉक्टरसाहेब म्हणत, "रिअ‍ॅक्शन आहे." हा शब्द ऐकला की माणूस गप्प होतो, कारण पुढचा प्रश्न कसा विचारायचा ते त्याला कळत नाही. गाव म्हणे, मरीआई अंगातून निघताना झटका देऊन जाते. मी म्हणे, रोगी मुळातच अशक्त. तिघांनाही आपापलं कारण पटलेलं होतं, त्यामुळे खरं कारण शोधायची कोणाला गरज वाटली नाही.

गावाने मरीआईचा गाडा काढला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी गाड्यात देवीला बसवायचं, हळदकुंकू, लिंबं, कोंबडं घ्यायचं आणि वाजतगाजत गाडा पुढच्या गावाच्या शिवेत लोटून द्यायचा. रोग त्याच्याबरोबर जातो. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाला द्यायचा. त्या वर्षी पुढचं गाव शिवेवर काठ्या घेऊन उभं होतं, आणि देवी दिवसभर दोन्ही शिवांच्या मधल्या बांधावर उन्हात बसून होती. डॉक्टरसाहेब या अडाणीपणावर तळमळून बोलत होते. बोलता बोलता ते वरच्या कचेरीला पत्र लिहीत होते, की थंडी वाजण्याचं कारण पुरवठ्यातलं मीठ असावं. वरून उत्तर आलं, की मीठ सगळीकडे तेच जातं, तरी कंपौंडरकडे चौकशी करावी. मी लिहून दिलं, की पाणी तीनदा उकळलेलं असून दोष रोग्याच्या प्रकृतीचा आहे. आमचाही गाडा असा नीट फिरला आणि शेवटी रोग्याच्या शिवेत जाऊन थांबला. रोग्याच्या हातात काठी नव्हती.

आता महादूचं सांगतो.

सिदूआबा नावाचा म्हातारा मेंढका होता. चौमासा सोडला तर वर्षभर मेंढरं घेऊन शिवारं हिंडायचा, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. त्याचा एकुलता एक मुलगा महादू, बावीस वर्षांचा. त्याला पटकी झाली. पाठीवर घालून आणला तेव्हा नाडी नव्हती. आम्ही तीन बाटल्या दिल्या. महादू उठून बसला. मला म्हणाला, "सायेब, ताक मिळंल का वाईच?" म्हाताऱ्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं, आणि खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडलं.

मग थंडी आली. मग ताप. पारा चढतच गेला. आम्ही डोक्यावर पाणी ओतलं, ओल्या फडक्यात गुंडाळला, पण त्याची शुद्ध गेली ती गेलीच. दिवस मावळायच्या आत महादू गेला. डॉक्टरसाहेबांनी मृत्यूच्या नोंदवहीत लिहायला सांगितलं, मी लिहिलं. महादू सिदू, वय बावीस, कारण पटकी. खाली त्यांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी महादूच्या बायकोला पटकी लागली. तिचं नाव ठका. अंगावर पिणारं पोर होतं. आम्ही बाटली घेऊन त्यांच्या झोपडीवर गेलो. झोपडी दवाखान्याच्या मागच्याच माळावर होती. सिदूआबा दारात आडवा बसला.

"न्हाय," तो म्हणाला. "त्ये पाणी माझ्या घरात यायचं न्हाय. म्हादू पटकीतनं उठला हुता. तुमच्या पाण्यानं नेला त्याला."

जमलेले लोक गप्प होते, पण गप्प राहण्याच्या तऱ्हा असतात. मला ती तऱ्हा झोंबली. आत ठका वाळत चालली होती, पोर रडत होतं, आणि मला काय लागलं म्हणाल, तर माझ्या पाण्याला नावं ठेवली हे लागलं. लाज वाटते, पण तसं होतं.

मी म्हणालो, "आबा, पाणी तीनदा उकळलेलं आहे. त्यात दोष असेल तर आधी माझ्या अंगात जाऊ दे. सगळ्यांच्या देखत घेतो."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "अहो, अशी तरतूद नाही." मग लोकांकडे बघून त्यांनी माझा दंड बांधला.

दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली बाजेवर पडून मी माझं स्वतःचं, स्वतः उकळलेलं, स्वतः गाळलेलं पाणी अर्धी बाटली शिरेत घेतलं. सारा गाव गोल करून उभा. घेऊन झाल्यावर मी उठून बसलो आणि विडा मागवला. तोंडात विडा घालून मी लोकांना जंतूंवर छोटंसं व्याख्यानही दिलं. अर्धा तास गेला. काही झालं नाही. मी सिदूआबाकडे विजयाने बघितलं.

मग पाठीतून एक बारीक शिरशिरी गेली. म्हटलं, वारा आहे. चैत्रातल्या दुपारी वारा कुठला? पुढच्या घडीला माझे दात एकमेकांवर आपटायला लागले आणि विडा आपोआप बाहेर पडला. बाज माझ्यासकट हलायला लागली. कोणी घोंगडी टाकली, कोणी दुसरी टाकली. एक जण म्हणाला, "मरीआई कंपौंडरला लागली!" दुसरा म्हणाला, "तिला काय, शिकल्यालं आन् आडाणी सारखंच." हसू फुटलं. एवढे दिवस मी रोग्यांना सांगत आलो होतो, घाबरू नका, थोडी थंडी वाजेल. ती थोडी म्हणजे किती, ते त्या दिवशी मला कळलं. आपल्याच अंगातल्या कोणीतरी आपल्यालाच धरून बदडावं, तसं ते होतं.

दवाखान्यात पाणी भरणारी रखमाक्का गर्दी सारून पुढे आली. ती माझ्याशी कधी आदराने बोलली नाही आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

"कंच्या पाण्याचं घेतलंस?" तिने विचारलं.

"हं-हंड्यातलं," मी दात आवरत म्हणालो. "तीनदा उकळलेलं."

"हंड्यातलं? त्ये मी बाजारादिशी आणून दिल्यालं? त्याला पाच दीस झालं की."

"उकळलं की जंतू मरतात, रखमाक्का."

"मरत्यात म्हंजी जात्यात व्हय?" ती म्हणाली. "हंड्यात उंदीर मेला आन् त्ये पाणी तू उकळलंस, तर उंदीर मेलेलाच ऱ्हातो न्हवं? शिजवलेला उंदीर खाशील का तू?"

लोक खो खो हसले. मी हसलो नाही. घोंगडीत कापता कापता मला दुसरी एक घोंगडी दिसली आणि तिच्यातले तात्या पाटील दिसले. मेलेलं जंतू माणसाला एवढं तापवत्यात, तर मेल्यालं म्हणायचं कशापायी? उन्हाळ्यात हंडा पाच-पाच दिवस राहायचा. फडक्यातून, हवेतून, वाडग्याने काढताना जे काही पडे, ते त्यात मजेत वाढे. मग मी ते उकळून मारी आणि त्यांची प्रेतं नळीतून रोग्याच्या रक्तात सोडी. जंतू तीनदा मारले होते, पण बाहेर एकदाही काढले नव्हते.

मी बाजेवरून उठलो. सिदूआबा समोरच होता.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही खरं बोललात. चूक माझी आहे. पाणी शिळं होतं."

सरकारी माणसाने चूक कबूल करायची त्या गावाला सवय नव्हती. डॉक्टरसाहेब खोकले.

"आता वाफेचं पाणी धरतो," मी म्हणालो. "न साठवलेलं, या घटकेला धरलेलं. साहेब, कोठीची किल्ली द्या."

डॉक्टरसाहेबांनी इकडे तिकडे बघितलं. "भर दुपारी? लोकांदेखत? लोक म्हणतील दवाखान्यात दारू..."

"आवं, दारू गाळा न्हायतर पाणी गाळा," सिदूआबा ओरडला, "पर बिगीबिगी गाळा!"

डॉक्टरसाहेबांनी सदऱ्याखाली हात घालून जानव्याची किल्ली सोडली. त्या माणसाची मी पुष्कळ थट्टा करत आलो आहे, या लेखातही केली आहे. पण त्या गाठीत त्यांची अब्रू बांधलेली होती, आणि तरी त्यांनी ती सोडली, हेही लिहायला पाहिजे.

चूल पेटवली. रखमाक्काने विहिरीचं ताजं पाणी आणलं. वेटोळ्यातून थेंब पडायला लागले. पहिली धार फेकून दिली. बाटली, नळी, सुई सगळं त्या वाफेच्या पाण्यानेच दोन वेळा धुतलं आणि मग भरायला लागलो. पहिली बाटली भरायला तास लागला. थेंबाला घाई नसते. माझ्या मिजाशीने आधीच एक तास खाल्ला होता. झोपडीतून कोणीतरी येऊन सांगून जाई, अजून हाय. पुन्हा येई, अजून हाय.

मीठ घालून, एक उकळी देऊन बाटली तयार झाली तेव्हा सिदूआबाने आपली बाही वर केली. "आदी माझ्यात घाल," तो म्हणाला. "मला काय न्हाय झालं तर तिला."

मी म्हणालो, "आबा, थंडी वाजते की नाही ते कळायला पाऊण तास लागतो. तिच्याजवळ तेवढा वेळ नाही."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझं अंग तापाने फणफणत होतं, डोळे लाल झाले होते, घोंगडी खांद्यावर तशीच होती. मग त्याने बाही खाली केली.

"तू सोताच्या अंगात घेतलंस," तो म्हणाला. "चल, दे तिला."

डॉक्टरसाहेबांनी शीर पहिल्याच खेपेला धरली. एक बाटली, मग यंत्रातून धरता धरता दुसरी आणि तिसरी. ठकाचे डोळे वर आले, ओठ हलले. पोर कुठे आहे असं तिने विचारलं. पण आमच्यापैकी कोणी आनंद केला नाही. महादूही उठून बसला होता.

तो पाऊण तास मी विसरलो नाही. ठकाच्या उजव्या हाताशी सिदूआबा बसला होता, डाव्या हाताशी मी. दोघंही तिच्या बोटांकडे बघत होतो. एकदा बोट हललं, तर आम्ही दोघांनी एकदम हात पुढे केला. ती पोराच्या पायाला हात लावत होती. पाऊण तास झाला. तास झाला. दारात उभ्या असलेल्या रखमाक्काने ठकाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "गार हाय." मग माझ्या कपाळाला लावला. "ह्यो मातर भाजतोय."

ठका वाचली. पुढचे सगळे रोगी वाफेच्या पाण्यावर राहिले आणि त्यांच्यातलं कोणी कापलं नाही. डॉक्टरसाहेबांनी वर कळवलं, की खाली सही करणाऱ्याच्या देखरेखीखाली ताज्या पाण्याची नवी पद्धत सुरू केली असून परिणाम समाधानकारक आहेत. वरून शाबासकी आली. ती सहीला मिळाली. रखमाक्काचं नाव कुठेच आलं नाही, आणि मी आणायचा प्रयत्नही केला नाही, कारण तिचं नाव आलं असतं तर तिच्यामागून माझा हंडाही आला असता. मरीआईचा गाडा कोणीतरी नंतर गपचूप ओढून गावात आणला. गावाने पटकी जाण्याचं श्रेय देवीला दिलं. मला तेच सोयीचं होतं.

पुढे माझी बारामतीला बदली झाली. तिथे एकदा पुण्याच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ पाण्याचे नमुने घ्यायला आले होते. त्यांना मी, दुसऱ्याच कुणाची म्हणून, ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, काही जंतूंच्या अंगातच विष असतं. जंतू मेला तरी ते राहतं आणि साध्या उकळण्याने जात नाही. पण गंमत अशी, की ते विष स्वतः फारसं नुकसान करत नाही. शरीराला त्याचा पत्ता लागला की शरीरच शत्रू आला म्हणून पेटून उठतं. थंडी, ताप, शिरा सैल पडून नाडी बुडणं, हे सगळं शरीराचं स्वतःचं काम. थोडक्यात भागलं तर माणूस वाचतो, जास्त झालं तर शरीर स्वतःलाच जाळतं. आणि खऱ्या, जबर दुखण्यात जंतू ढिगाने मरतात तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर होतं. "त्या कंपौंडरने फार माणसं मारली का?" त्यांनी सहज विचारलं. मी म्हणालो, "एक. माहीत असलेला."

त्या महिन्यात रजा काढून मी सिदूआबाला शोधायला गेलो. शेळगावच्या शिवारात एका बागाइतदाराच्या रानात त्याची मेंढरं बसली होती. म्हातारा आणखी वाकला होता. ठकाने चहा केला. तिचा मुलगा आता कोकरांमागे धावत होता, पाठमोरा अगदी महादूसारखा.

मी सगळं सांगितलं. जंतू, विष, शरीराचं पेटून उठणं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. सिदूआबा ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्यात एकदा आसंच झालं हुतं. एकानं लांडग्याचं कातडं वाळत घातलं, मेंढरांच्या जाळीवरच. लांडगा मरून महिना झाला हुता. पर वाऱ्यानं वास आला आन् मेंढरं उधळली. जाळीत एकमेकीस्नी तुडवून सात मेली. लांडग्यानं कुणाला हात लावला नव्हता."

"तसंच, आबा."

"म्हंजी माझा म्हादू कातड्यानं मेला."

"कातडं मी वाळत घातलं होतं, आबा."

"ठावं हाय मला," म्हातारा म्हणाला. "तू लिंबाखाली बोललास, तवाच कळलं. त्ये पाणी ठकाच्या दिशी शिळं हुतं, तर म्हादूच्या दिशीबी शिळंच आसणार की." मग चहाची कपबशी बाजूला ठेवून त्याने विचारलं, "तुमच्या त्या बुकात काय लिवलंय त्याचं?"

"पटकी."

"पटकी तर उतरली हुती त्याची. ताक मागितलं हुतं त्यानं." इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. "त्ये खोटं हाय. खरं कर त्येवढं."

मी हो म्हणालो. नोंदवही तोवर तालुक्याला जमा झाली होती. तिथे चौकशी केली तर कळलं, की सही झालेली नोंद बदलता येत नाही, तशी तरतूद नाही. पुन्हा गेलो, तेव्हा वहीच सापडत नव्हती. नंतर माझंही धैर्य मावळलं. सिदूआबा वारला. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही पुन्हा कधी त्या रानाकडे गेलो नाही.

संपादकांनी रंजक लिहायला सांगितलं होतं. जमेल तेवढं लिहिलं. आता त्यांच्या अंकातली एवढी जागा मला हवी आहे, ती त्यांनी काटछाट न करता छापावी.

महादू सिदू, मेंढका, वय बावीस. पटकीतून उठला होता. मरणाचं कारण, कंपौंडरने हंड्यात साठवून तीनदा उकळलेलं पाणी. या नोंदीखाली सही डॉक्टरसाहेबांची नाही, माझी आहे.